काकाजींचा एकच सीन

माझ्या बायकोच्या काकाजींइतका राजनिष्ठ माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. अडचण एवढीच, की त्यांना राजाच नाही. चाळीसेक वर्षांपूर्वी, ते गावी शेती करत होते तेव्हा, मौद्याजवळच्या एका बंद राइसमिलमध्ये सिनेमाचं शूटिंग झालं. बुडालेल्या नाटक कंपनीतले नट पोटात अन्न नसतानाही राजा, राणी, प्रधान म्हणूनच जगत राहतात, अशी त्याची गोष्ट. काकाजींना त्यात चोपदाराचं काम मिळालं, तेही एका सीनपुरतं. सिनेमा आठवडाभरात उतरला, लोक विसरले. काकाजींच्या अंगातला चोपदार मात्र उतरला नाही. मनीषनगरच्या त्यांच्या फ्लॅटची बेल वाजली, की ते पडद्याचा दांडा फरशीवर आपटून "निगा रखो" म्हणतात आणि मगच दार उघडतात. सिलिंडरवाल्यालाही हाच मान. सीताबर्डीत काकू साड्या बघत असताना हे दुकानाच्या दाराशी इतके ताठ उभे राहतात, की गिऱ्हाइकं निमूट आपल्या पिशव्या त्यांच्याकडे देतात. ते त्या सांभाळतातही. माझ्या लग्नात त्यांनी अशी काही ललकारी दिली, की माझी घोडी बिथरली आणि मी वरातीच्या आधीच मांडवात पोचलो. ते मी त्यांना कधी माफ केलं नव्हतं.

मागच्या महिन्यात माझ्या बायकोला तो सिनेमा मोबाइलवर सापडला. रविवारी दुपारी सगळ्यांनी त्यांच्याकडे टीव्हीवर बघायचं ठरलं. काकाजी हरखून जातील असं वाटलं होतं, पण ते त्या दिवसापासून गप्पच झाले. रविवारी आम्ही गेलो तर दांडा वाजलाच नाही, नुसतं दार उघडलं. मला त्यांनी बाल्कनीत नेलं. "जावईबापू, मी थो पिच्चर पाह्यलाच नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "शूटिंग झाल्यावर कोणीतरी म्हणे, चोपदाराचा सीन कापून राहिले. मंग मी गेलोच नाही. आज त्यात मी नसलो त काय करू?" टीव्ही बिघडला म्हणून सांगतो, असं मी सुचवलं. ते नको म्हणाले. आता काय ते होऊन जाऊ द्या.

सिनेमा खरं तर सुंदर होता, तो लोक का विसरले कोण जाणे. पण माझं लक्ष राजाराणीकडे नव्हतंच. मी भिंतीशी उभ्या काकाजींकडे बघत होतो. पडद्यावर राजा असेपर्यंत ते बसणार नव्हते. पहिला दरबार झाला, चोपदार नाही. दुसरा झाला, तरी नाही. तास उलटला. मग एकदम "निगा रखो" ऐकू आलं, आणि पडद्यावर दिसला फक्त एक हात, दांडा धरलेला. बाकीचा माणूस खांबाआड. दोन क्षणांत कॅमेरा राजाकडे वळला. कोणीतरी पुटपुटलं, की हात काय, कोणाचाही असेल. काकाजींनी मान खाली घातली.

काकूंनी सिनेमा मागे घ्यायला लावला आणि बरोबर त्या हातावर थांबवला.

"आंगठ्याले चिंधी हाये, पाहा. माह्या हिरव्या पातळाची होय. शूटिंगच्या दिवशी सकाळी धान कापता कापता विळा लागला होता, मीच बांधली. नवं पातळ फाडलं होतं. सासूले सांगतलं, उंदरानं कुरतडलं."

खरंच होतं. अंगठ्याला हिरवी चिंधी होती.

काकू चहा करायला आत गेल्या. काकाजी बराच वेळ पडद्यावरच्या त्या हाताकडे बघत राहिले, मग कोपऱ्यातला दांडा घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. काकू ट्रे घेऊन बाहेर आल्या तसा दांडा फरशीवर वाजला. आल्यागेल्या सगळ्यांना त्यांनी हा मान दिला होता, काकूंना कधीच नाही. त्या घरात, नाहीतर त्यांच्याबरोबरच असायच्या, बेल वाजवून येणार कुठून? "निगा रखो," काकाजी म्हणाले.

"चहा सांडन ना," काकू म्हणाल्या. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि पदराने डोळे पुसले. घोडीचं मी त्या दिवशी माफ करून टाकलं.