जिऱ्याच्या वाटीतली पंधरा काडतुसं

आमच्या व्याह्यांनी आजवर कुठल्याच गोष्टीवर पहिल्या खेपेला विश्वास ठेवलेला नाही, आणि त्यात मी, माझी बायको, आमची मुलगी शीतल आणि आमच्या घरचे पोहे हे सगळे आले. शीतलला बघायला ते पाच वेळा आले. पहिल्यांदा मुलाला घेऊन, रीतसर. दुसऱ्यांदा 'कोर्टाकडं काम होतं' म्हणून. तिसऱ्या खेपेपासून त्यांनी कारण सांगायची तसदीही घेतली नाही. दर वेळी पोह्यांची बशी डोळ्यांसमोर धरून बघायचे, सावकाश खायचे, रुमालानं मिशा पुसायचे आणि काही न बोलता निघून जायचे. पाचव्या बशीच्या वेळी माझी बायको स्वयंपाकघरातून सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं पुटपुटली की यापुढे पोहे मिळणार नाहीत. तेव्हा व्याही मला म्हणाले, "पाव्हणं, पाची बशीत मीठ एकसारखं. जरा जास्तच हाय, पण एकसारखं हाय. लग्न ठरलं म्हणा."

त्यांची सगळी नोकरी वजनमापं तपासण्यात गेली. दुकानदाराचं किलोचं वजन खरंच किलोचं आहे का, हे बघत ते जिल्हाभर हिंडले, आणि निवृत्त झाल्यावर संशय घ्यायला बाजार उरला नाही म्हणून त्यांनी तो काडतुसांवर घ्यायला सुरुवात केली. कॉलेजात असताना त्यांच्या हाती निशाणबाजीची रायफल आली होती, ती काही सुटली नाही. गल्लीत नव्यानं राहायला आलेल्यांना वाटतं, एवढ्या मिशा आणि घरात परवान्याची रायफल म्हणजे या माणसानं निदान एखादं रानडुक्कर तरी लोळवलं असेल. व्याह्यांनी उभ्या आयुष्यात कागदाशिवाय कशालाही गोळी मारलेली नाही. गावाबाहेर, जिथं घरं संपून तुरीची रानं लागतात, तिथं क्लबचं मैदान आहे. एका टोकाला पत्र्याची शेड, पन्नास मीटरवर मातीचा उंच बांध आणि बांधासमोर कागद. सकाळी सातला व्याही तिथं पोटावर आडवे होतात आणि दहाला उठतात. मधल्या वेळात त्यांच्यातलं जिवंत म्हणावं असं फक्त उजव्या हाताचं एक बोट असतं.

पाच गोळ्या मारायच्या आणि पाची भोकं एकमेकांपासून किती लांब पडली ते मोजायचं, याला ग्रुप म्हणतात. गोळी मधोमध लागली की आपल्यासारखा माणूस टाळ्या वाजवतो. व्याह्यांना त्याचं काहीच कौतुक नसतं. "मधी न्हाय लागली तर रायफलीवरचा नेमाचा काटा फिरवून मधी आणता येती," ते सांगतात. "पण एक हिकडं, एक तिकडं गेली तर कशाचा काटा फिरवता?" माणसांनाही त्यांनी हाच नियम लावला आहे. त्यांचा येरमाळ्याचा धाकटा भाऊ कुठल्याही कार्याला बरोबर एक तास उशिरा येतो. सगळे नातेवाईक त्याच्या नावानं खडे फोडतात, पण व्याह्यांच्या मते अख्ख्या खानदानात तोच एक भरवशाचा माणूस आहे. त्याला फक्त एक तास आधीची वेळ सांगायची. माझ्याबद्दल मात्र ते शीतलला म्हणाले होते, "तुझे बाबा मनानं चांगले हायत, पण ग्रुप फाटका हाय." मी कधी वेळेवर येतो, कधी येतच नाही, हे खरं आहे.

कारखान्यातून डबीत बंद होऊन आलेलं काडतूस म्हणजे एक झाकावं आणि दुसरं काढावं असं एकाच तऱ्हेचं असणार, असा माझा समज होता. तो ऐकून ते लहान मुलाकडं बघावं तसे माझ्याकडं बघायला लागले. मग त्यांनी वह्या काढल्या. देशी काडतुसं, परदेशी काडतुसं, स्वस्त, महाग, सोनेरी अक्षरांच्या डबीतली. प्रत्येकाचे कागद चिकटवलेले, प्रत्येक ग्रुप मोजलेला. सोनेरी डबीवाल्या महागड्या मालानं भाकरीएवढ्या जागेत भोकं पाडली होती आणि साध्या हिरव्या डबीतल्या मालानं चिंचोक्याएवढ्या. "असं कसं?" मी विचारलं. "नळीला काय आवडतं ते नळीलाच ठावं," ते म्हणाले. "आपण फकस्त वाढायचं आन् बघायचं." एका मालावरून दुसऱ्यावर जाताना पहिल्या दहा गोळ्या ते मोजतच नाहीत. आधीच्या गोळ्यांवरचं मेण नळीत बसलेलं असतं, नव्याचं बसायला दहा गोळ्या जातात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात शीतलनं पिठलं करपवलं, दुधावर झाकण ठेवायचं विसरली आणि विहीणबाईंच्या आवडत्या तव्याचा दांडा मोडला. विहीणबाई तोंड उघडणार तेवढ्यात व्याही ताटावरून म्हणाले, "पहिले दहा मोजत न्हाईत." हे मला शीतलनं फोनवर सांगितलं तेव्हा मला भरून आलं, हे इथं कबूल करून टाकतो. त्या दिवसापासून हा माणूस मला आवडायला लागला.

तरी त्यांच्याबरोबर काम करणं हा छळच होता. माझं कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान. मी उत्साहानं त्यांच्या निशाणाच्या कागदाच्या शंभर प्रती काढून दिल्या, तर त्यांनी पट्टी लावून दाखवलं की माझ्या मशीननं वर्तुळ केसभर लांबट केलंय. "तुमच्याकडं लोक सातबाराच्या नकला काढून नेत असतील की," ते काळजीनं म्हणाले, "त्यांची रानं बी लांबट झाली असतील." काडतुसं तपासताना हाताचा दोष नको म्हणून रायफल पिशव्यांवर टेकवायची असते. पिशव्यांत वाळू भरली, ती सरकली. मग उडीद, मग हरभरा, मग ज्वारी, असं करत त्यांनी ज्वारी पसंत केली, आणि एका उन्हाळ्यात घरातली निम्मी ज्वारी मैदानावर होती. शेवटी विहीणबाईंनी एक पिशवी उसवून दळून आणली. पट्ट्या फाडून मैदानावर वाऱ्याची निशाणं लावायला व्याह्यांना बाईंची जुनी नारिंगी साडी हवी होती, ती ज्वारीचा सूड म्हणून बाई देईनात. आमच्या पठारावर वारा काही हटत नाही, आणि त्या हलक्या गोळीला तो सहज ढकलतो. साडी अखेर गेलीच. आजही तिच्या पट्ट्या त्या मैदानावर काठ्यांना बांधलेल्या आहेत.

आता मी जे सांगणार आहे त्यात माझी शोभा होणार आहे. राज्य पातळीवर ज्येष्ठांच्या स्पर्धेत पुढच्या फेरीला जायला ठरावीक गुण लागतात. चार वर्षं व्याही दोन-तीन गुणांनी राहत होते. पाचव्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजव्या डोळ्याच्या पडद्याबद्दल काहीतरी सांगितलं. ते एकदाच सांगितलं म्हणून व्याह्यांनी धरलं नाही, पण जे काही करायचं ते याच वर्षी, हे त्यांच्या बोलण्यातून कळायचं. त्याच सुमारास क्लबात हिरव्या डबीचा माल आला. नाव तेच, डबी तीच, पण आत तीन निरनिराळे लॉट, म्हणजे कारखान्यात तीन वेगवेगळ्या वेळी भरलेला माल. फरक काय तो डबीवरच्या आकड्यात, शेवटी सतरा, बेचाळीस आणि त्रेसष्ट. काडतुसं हुबेहूब सारखी. प्रत्येक लॉटची एकेक डबी तपासायला मिळणार आणि संध्याकाळपर्यंत सांगायचं, वर्षभराचा माल कुठल्या लॉटचा घेणार. उशीर केला तर बाहेरगावचे लोक उचलणार.

कुठला लॉट कुठला हे आपल्याला कळता कामा नये, नाहीतर मन लबाडी करतं, असं व्याह्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी विहीणबाईंचा मसाल्याचा डबा आणला. मी दुकानात बसून एक लॉट मोहरीच्या वाटीत, एक जिऱ्याच्या, एक हळदीच्या वाटीत ओतला आणि कुठल्या वाटीत काय, ते एका फसलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहून खिशात ठेवलं. मैदानावर व्याही मागायचे, "मोहरी द्या." मी एकेक काडतूस हातावर ठेवायचो. प्रत्येक वाटीतली पहिली दहा न मोजता मारायची, मग पाच-पाचचे पाच ग्रुप. दुपारी शेडमध्ये चहाबरोबर भजी आली. मी खिशातला कागद काढून त्यावर भजी घेतली, खाल्ली, त्याच कागदाला हात पुसले आणि सोडून दिला. नारिंगी पट्ट्या फडफडत होत्या. कागद बांधावरून तुरीत गेला.

तीन वाजता व्याही उठले तेव्हा त्यांचा चेहरा मी कधी बघितला नव्हता असा होता. जिऱ्याच्या पाची ग्रुपांत पाची गोळ्या एका भोकातून गेल्यासारख्या. "पाव्हणं," ते हळूच म्हणाले, "जिऱ्यात काय हाय?" माझा हात खिशाकडं गेला आणि मला ते सगळं एकदम आठवलं, भज्यांच्या चवीसकट. मोहरीत सतरा होता हे पक्कं आठवत होतं. जिऱ्यात बेचाळीस की त्रेसष्ट, हे काही केल्या आठवेना. चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदा माझ्यावर काम सोपवलं होतं. मी म्हणालो, "बेचाळीस."

व्याह्यांनी वर्षभराचा बेचाळीस घेतला. त्रेसष्ट दुसऱ्याच दिवशी बाहेरगावी गेला. आणि सरावात त्यांचे ग्रुप फाटायला लागले. आधी सुपारीएवढे, मग लिंबाएवढे. मला वाटलं, ते मालाला शिव्या देतील. पण माल परीक्षेतून आला होता, त्याच्यावर शंका घेणं त्यांच्या धर्मात बसत नव्हतं. त्यांनी उशी बदलली, चष्मा बदलला, चहा सोडला. मग एके दिवशी शीतल दुकानात येऊन बसली. "बाबा, मामा चहा परत प्यायला लागलेत," ती सासऱ्यांबद्दल म्हणाली, "पण पहिल्यासारखं बशीत ओतून रंगच बघत नाहीत. तसाच पितात. आणि स्पर्धेला जाणार नाही म्हणतात. माल चांगला आहे, माणूसच बिघडला, म्हणतात."

मी दुकान तसंच टाकून शीतलबरोबर त्यांच्या घरी गेलो. व्याही ओसरीवर बसले होते आणि रायफल खोळीत बांधलेली भिंतीशी होती. मी भज्यांपासून सगळं सांगितलं.

"म्हंजे जिऱ्यात बेचाळीस असंल बी आन् नसंल बी," ते म्हणाले.

"हो."

"पाव्हणं, तुमचे पहिले दहा कवाच संपलेत."

"माहीत आहे."

मग ते उठले, आणि मला वाटलं आता काही खरं नाही. पण ते दारात जाऊन आत बघत म्हणाले, "अगं, ऐकलंस का? माझा डोळा बरा हाय. मालच वाईट व्हता." शीतलला हाक मारून त्यांनी गुलाबजाम आणायला लावले आणि पाच खाल्ले. मी 'असेल किंवा नसेल' याला हो म्हणालो होतो. त्यातलं त्यांनी 'नसेल' तेवढं उचललं. दुसरी बाजू मला तिथंच दिसत होती. जिऱ्यात बेचाळीसच असला, तर माल तोच होता आणि बिघडलं होतं ते दुसरंच काहीतरी. पण बऱ्याच दिवसांनी ते पाकाचा रंग बघत खात होते, आणि मी दुसऱ्यांदा गप्प बसलो. या गप्प बसण्याचं मला वाईट वाटत नाही.

ते स्पर्धेला गेले, तोच बेचाळीस घेऊन, आणि एका गुणानं राहिले. आले ते जिंकल्यासारखे. "वाईट मालावर एका गुणानं," ते भेटेल त्याला सांगत होते. "चांगल्यावर काय झालं असतं, बोला."

परीक्षेतून जिऱ्याच्या वाटीत पंधरा काडतुसं उरली होती. ती वाटी व्याह्यांनी रायफलीबरोबर कुलपात ठेवली आहे. विहीणबाई तेव्हापासून जिरं प्लॅस्टिकच्या डबीत ठेवतात आणि महिन्यातून एकदा त्यावरून बोलतात. व्याही आता रोज मैदानावर जात नाहीत. रविवारी मला सोबत घेतात. काटा फिरवायला आकडा मी वाचून सांगतो, आणि चहा ओतताना ते बशीचा काठ चाचपून बघतात तेव्हा मी दुसरीकडं बघतो.

परवाच्या रविवारी त्यांनी ती वाटी बरोबर आणली होती. का आणली ते सांगितलं नाही, नुसती शेजारी ठेवली. बेचाळीसचा एक ग्रुप मारला, तो होता लिंबाएवढा. मी म्हणालो, "व्याही, जिऱ्यातल्या पाच मारून बघायच्या का? आत्ताच्या आत्ता कळेल. दहा उरतील."

"व्हय," ते म्हणाले, "पाच पुरतील." त्यांनी वाटीतलं एक काडतूस उचललं, बोटांत फिरवलं आणि बघायला डाव्या डोळ्याजवळ नेलं. बऱ्याच वेळानं ते परत वाटीत ठेवलं.

"आज नगं, पाव्हणं. वारा लई हाय."

मी मैदानाकडं बघितलं. विहीणबाईंच्या साडीच्या पट्ट्या काठ्यांवरून सरळ खाली लोंबत होत्या. तुरीचं पानसुद्धा हलत नव्हतं.

"हो," मी म्हणालो, "लई हाय."