मेलेल्या तुकडीचे सांडणीस्वार

तुकडी वाळवंटात संपून बराच वेळ झाला होता, आणि तिचा सांडणीस्वार वेशीतून आत येत होता.

आधी मला वाटलं, निघालेला निरोप वाटेत रखडला असेल. पण त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा. प्रत्येक जण उंटावरून उतरे, चौकात उभा राही आणि सरदाराचा निरोप सांगे. सरदार मेला होता. त्याची माणसं मेली होती. मी स्वतः त्यांना पाण्याशिवाय पाठवलं होतं, कारण तेच माझं काम आहे.

मी जेद्दामधल्या एका गेम स्टुडिओत टेस्टिंगची प्रमुख आहे. खेळ विकायला जाण्यापूर्वी तो मुद्दाम चुकीचा खेळायचा, कुठे मोडतो ते बघायचं आणि सांगायचं. आमचा खेळ तांबड्या समुद्राकाठच्या जुन्या बंदरांचा, काफिल्यांचा आणि लढायांचा. पहिला भाग चालला, म्हणून दुसरा करत होतो. दुसऱ्या भागात बरंच बदललं होतं. गलबतं आता वारा बघून निघत. विहिरी आटत. पण माझा सगळ्यात आवडता बदल निरोपांचा होता. पहिल्या भागात बटण दाबलं की दूरची फौज लगेच वळायची. आता हुकूम उंटावरून जातो आणि बातमी उंटावरून येते. नकाशावर दिसतं ते आत्ताचं नसतं, शेवटची बातमी आली तेव्हाचं असतं.

मला तो का आवडला, हे ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. आम्ही श्रीवर्धनचे. माझे अब्बा इथेच सौदीत, यान्बू बंदरात कामाला होते. गावी येणाऱ्या कुणाच्या तरी हाती ते स्वतःच्या आवाजातली कॅसेट पाठवायचे. मी खुशाल आहे, मुलांना शाळेत पाठव, असं काहीबाही. आम्ही टेपभोवती बसून ऐकायचो. कॅसेट संपली की आई म्हणायची, "हे तेव्हाचं झालं. आत्ताचं अल्लाला ठाऊक."

तर ते स्वार. मी तन्मयला बोलावलं. तन्मय सांगलीचा, आमचा प्रोग्रॅमर, निरोपांचं सगळं काम त्याचंच. दुपारची वेळ होती. उन्हामुळे पडदे ओढलेले, बरेचसे लोक जेवायला गेलेले. त्याने लॉग उघडला. लॉग म्हणजे खेळ आत काय करतोय याची खेळाने स्वतःच ठेवलेली नोंद. तुकडीत माणसं शून्य. छावणी नाही. तरीही तिथून स्वार निघत होते.

"स्पीकर लाव," मी म्हटलं.

चौथा स्वार आला. तो अरबीत बोलला. आवाज थकलेला, जवळून आल्यासारखा. "खलास. आता माझ्याकडे कुणाला पाठवू नका."

प्रत्येक निरोपाखाली पडद्यावर मजकूर दिसतो. या निरोपाखाली काहीच नव्हतं.

तन्मयला अरबी फारसं येत नाही. मी अर्थ सांगितला. त्याने आवाज कमी केला. मग म्हणाला, "रेहानाताई, हे वाक्य आपल्या स्क्रिप्टमध्ये नाही."

"आवाज तर उस्ताद सालिमचा आहे."

"म्हणूनच म्हणतोय."

सरदारांचे आवाज उस्ताद सालिम यांचे होते. जेद्दातले जुने नट, वय झालेलं. रेकॉर्डिंगनंतर काही आठवड्यांतच ते वारले होते.

पुढचे दोन दिवस आम्ही तेच खणत बसलो. मी पुन्हा पुन्हा तुकड्या मारत होते, त्यांचे स्वार येत होते आणि तो आवाज तेच सांगत होता. जिवंत तुकडीकडून तो निरोप एकदाही आला नाही. तिसऱ्या दिवशी मी हेडफोन बाजूला ठेवला आणि आवाज बंद करून काम करू लागले. वाक्य आता पाठ झालं होतं, तरी ते कानाशी येऊ नये असं वाटायचं.

कारण सापडलं ते साधं होतं. तुकडी मेली की खेळ तिला पुसून टाकायचा, पण तिच्या स्वारांना पुसायचं राहून गेलं होतं. ते छावणीच्या रिकाम्या जागी जात आणि तिथून निरोप घेऊन परत येत. एरवी तुकडीची जी अवस्था असेल, तहान, विजय, माघार, त्या खुणेचा निरोप खेळ निवडतो. मेलेल्या तुकडीला अवस्थाच नव्हती. म्हणून खेळाने कसलीच खूण नसलेला निरोप शोधला. तसा एकच होता.

तो कुठून आला, हे मूळ रेकॉर्डिंग ऐकल्यावर कळलं. उस्तादांना त्या दिवशी दम लागत होता. आमचीच माणसं काळजीने सारखी आत जात होती, कुणी पाणी घेऊन, कुणी उशी घेऊन. ग्लास ठेवल्याचा आवाज आहे, दार लागल्याचा आहे. मग ते वाक्य. ते आम्हालाच म्हणाले होते. संगणकाने रेकॉर्डिंगचे तुकडे पाडताना ते निरोप समजून वेगळं ठेवलं.

माजिद आमचा प्रोड्यूसर, म्हणजे वेळ आणि बजेट सांभाळणारा साहेब. पैसे लावणाऱ्यांना खेळ दाखवायचा दिवस जवळ आला होता. आधी तो म्हणत होता की निरोपांची भानगडच काढून टाका, पहिल्या भागासारखं बटण दाबा आणि फौज हलवा. मी त्याला तो आवाज ऐकवला.

"हे ठेवायचं," तो म्हणाला. "असं लिहून कुणाला जमणार नाही."

"ते खेळासाठी बोलले नव्हते," मी म्हटलं. "त्यांच्या घरी विचारल्याशिवाय नाही."

वाद झाला. तो म्हणाला, तुम्ही टेस्टर आहात, हा निर्णय तुमचा नाही. मी म्हटलं, मग तो बग, म्हणजे खेळातली चूक, म्हणून नोंदवते आणि बग उघडा असताना खेळ दाखवायला माझी सही मिळणार नाही. शेवटी फोन त्यानेच केला.

उस्तादांची मुलगी अमल दुपारी आली. मी तिला बाजूच्या खोलीत नेलं आणि काय झालं ते सगळं सांगितलं. तिने हेडफोन लावला. एकदा ऐकलं. पुन्हा लावायला सांगितलं. मग विचारलं, "तुम्ही कुणाला पाठवत होतात?"

"पाणी घेऊन माणसं," मी म्हटलं.

तिने मान हलवली. वडील हॉस्पिटलमध्येही हेच म्हणत होते, असं तिने सांगितलं. नातेवाईक आणू नकोस, डॉक्टर आणू नकोस. "मी ऐकलं नाही. शेवटच्या दिवसापर्यंत कुणाला ना कुणाला पाठवतच राहिले." हेडफोन तिने सावकाश काढला. "हे खेळात नको. मला द्या."

आम्ही फाइल तिला दिली आणि आमच्याकडची पुसली. स्वारही थांबवायचे असं ठरलं होतं, पण तन्मयने विचारलं, आता ते काय करतात ते एकदा बघू या का?

मी एक तुकडी वाळवंटात पाठवली. ती संपली. स्वार आला, उंटावरून उतरला आणि चौकात उभा राहिला. सांगायला काहीच नव्हतं. तो तसाच उभा राहिला. थोड्या वेळाने त्याच्या शेजारी दुसरा येऊन उभा राहिला.

माजिदने ते तसंच ठेवायला सांगितलं. या वेळी मी वाद घातला नाही.

खेळ दाखवला त्या दिवशी चौकात तीन स्वार जमले. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, स्पीकर बंद पडला का? माजिद म्हणाला, नाही. पुढे कुणी काही विचारलं नाही, आणि निरोपांचा बदल राहिला. खेळ बाजारात आल्यावर लोक आवडता बदल म्हणून वारा सांगतात, विहिरी सांगतात. आणि बरेच जण लिहितात की चौकात पहिला गप्प स्वार दिसला, तेव्हा त्यांनी खेळ थोडा वेळ थांबवला.

नव्या टेस्टरना मी आता एवढंच शिकवते: काही पुसलंत, तर तिथून कोण निघालेलं होतं तेही तपासा. तो बग मी बंद केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, दुरुस्तीची गरज नाही.