अर्ध्या भाकरीवरचं बाळंतपण

बावड्याच्या छबूबाईला सून छळायला कारण लागत नसे. त्यात चोविसाव्या वर्षी नातवाला शुगर निघाली आणि म्हातारीच्या हाती कोलीतच मिळालं. नातू अविराज लोणी देवकरच्या कारखान्यात कामाला, अंगानं पाप्याचं पितर.

"आमच्या सात पिढ्यांत शुगर न्हाय. हिच्या म्हायेरचं रगातच नासकं," ती पाहुण्यारावळ्यांपुढे सांगायची. शुगरपायी अविराजची सोयरीक मोडली, तेव्हा त्यालाही ते पटलं. वर्ष झालं, तो आईशी, संजीवनीशी, एक शब्द बोलला नव्हता. तिचा नवरा तर छबूबाईपुढे ब्र न काढणारा. संजीवनीला दुसरं काही नको होतं. तुझा दोष नाही, एवढं लेकानं म्हणावं.

म्हणून पुण्याहून माधवी नावाची संशोधक मुलगी रक्ताचे नमुने घ्यायला आली, तेव्हा सगळ्यांच्या आधी संजीवनीनं हात पुढे केला. सडपातळ माणसांना शुगर का होते, हे माधवी शोधत होती.

चार महिन्यांनी माधवी परत आली. संजीवनीचं रक्त स्वच्छ होतं. अविराजच्या रक्तात मात्र काही मायक्रोआरएनए कमीजास्त होते. "पेशीतले हे बारीक रेणू," ती म्हणाली, "कुठल्या जनुकानं किती काम करायचं ते ठरवतात. जन्मताना याचं वजन किती होतं?"

"पावणेदोन किलू!" छबूबाईनं पदर सावरला. "घटकाभरात मोकळी झाली बगा. पोर पोटात वाढलं की बाई अडती. मीच हिला अर्ध्या भाकरीवर ठिवली हुती. पिठाच्या कोठीची किल्ली माझ्या कमरंला!"

माधवीचं पेन थांबलं. संजीवनीच्या डोळ्यांपुढे ते नऊ महिने उभे राहिले: धुण्याच्या दगडावर आलेली घेरी, रात्रभर पोटात पडलेली आग.

"आजी, एका माणसाबद्दल ठाम सांगता येत नाही," माधवी जपून म्हणाली. "पण पोटातलं बाळ उपाशी राहिलं, तर या रेणूंची घडी बदलू शकते. पुढे पोटभर अन्न मिळालं, तरी ते अंगाला झेपत नाही. सुनेच्या माहेराकडे बोट दाखवण्यासारखं मला काही दिसलं नाही."

"आमच्या येळंला चतकोरच मिळायची. आमी मेलो का?" म्हातारी फणकारली. लाज म्हणून नाही त्या बाईला!

संजीवनीला मात्र रडू फुटलं. सुटले एकदाची, असं वाटून तिनं लेकाकडे पाहिलं. अविराज तिच्याकडेच बघत होता. आजीकडे त्यानं मानही वळवली नाही.

"आई," तो म्हणाला, "तुला माझ्यासाठी चोरून खाता आलं न्हाय व्हय?"

वर्षभरानं त्यानं तिला हाक मारली, ती ही.