शेळीच्या दुधाचा गोळा आणि मूठभर करवंदं

"बस गो बाय. आधी खा, मंग काय ता बोल."

डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावर नर्स म्हणून गेले की ती शेळ्यांवाली म्हातारी मला असंच ओट्यावर बसवायची. गोष्ट नव्वदनंतरच्या सालांतली. मी शहापूरची, तिशीतली, कडक इस्त्रीची पांढरी साडी नेसणारी. जगातल्या यच्चयावत जंतूंशी आपली जातीने ओळख आहे अशी माझी समजूत होती. तेव्हाची ती नर्स आज माझ्यासमोर आली, तर मीच तिला झोपेची गोळी देईन.

म्हातारी शेळीचं दूध तापवायची, त्यात कैरीचा रस पिळून मुद्दाम फाडायची आणि फडक्यात बांधून आढ्याला टांगायची. आमच्या घरी दूध नासलं की सासूबाई दिवसभर अपशकुन मोजत बसायच्या. इथे ही बाई हौसेने नासवत होती! पाड्यावर दुसरं कोणी असं करत नसे, म्हणून तर माझा संशय आणखी बळावला.

आणि तिची घाई कशालाच नसे. फडक्याची गाठ दातांनी सोडायची. पळसाच्या पानावर गोळा ठेवून वर मीठ भुरभुरायची. मग करवंदं घ्यायची आणि एकेक पदराला पुसायची. तो पदर बघितला की मी लगेच उपास धरायची.

"आज उपास आहे हो. घरी नेऊन खाईन."

"मागल्या खेपेला बुधवारी आलीस तवा उपास. आज मंगलवार, तरी उपास. तुझा देव तुला जेवू कवा देतो गो?"

मी हसून पान पिशवीत घालायची आणि कामाचं विचारायची, "सून कुठाय? नातवाला डोस द्यायचाय."

"म्हायेरी गेली."

नातू सहा महिन्यांचा झाला होता आणि एकही डोस नव्हता. शेजारच्या पाड्यावर डांग्या खोकल्याने एक तान्हं गेलं होतं. लशीचा बर्फाचा डबा घेऊन मी चालत यायची नि तशीच परत जायची. त्या उन्हाळ्यात सून तीनदा माहेरी गेली. माहेर कुठे, तर टेकडीपलीकडे. मला यात काहीच खटकलं नाही. माझं सगळं डोकं त्या गोळ्यात अडकलेलं. ही बाई मला फुकट का खाऊ घालते? सरकारी मदतीच्या यादीत नाव हवंय? की दूध खरंच नासकं आहे?

पाड्याबाहेरच्या वळणावर मी ते पान उलटं करायची. कावळे तुटून पडायचे. पुढच्या खेपेला एखादा मेलेला दिसतो का, हेही मी बघून घ्यायची. तुम्हीही कोणाचं दिलेलं असं पिशवीत नेलं असेल, म्हणून मोकळेपणाने सांगते.

चौथ्या खेपेला मी कावळ्यांना वाढत होते आणि टेकडीवरून सून उतरली, कडेवर पोर घेऊन. आम्ही दोघी जागच्या जागी थिजलो. आधी तिला कंठ फुटला.

"आत्येऽ! ही बाय तुमचा गोळा कावल्यांना घालते!"

म्हातारी काठी टेकत आली. पानाकडे बघितलं, सुनेकडे बघितलं. मी ओट्यावर बसले की मागच्या दाराने सून टेकडीवर जायची, हे तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. गाठ दातांनी का सुटायची, करवंदं एकेक का पुसली जायची, तेही.

"तुम्ही मला फसवलंत," मी म्हणाले.

"आन् तू? माझ्या हातचा घास टाकलास." तिने काठीने ते पान दाखवलं. "त्या कोपऱ्यावरच्या पोराला सुई टोचली, तर दोन दिस अंग तव्यासारखं."

"ताप येतोच. त्यावर गोळी आहे. खोकल्यावर माझ्याकडे काही नाही, आजी. शेजारच्या पाड्यावर काय झालं, ते तुम्ही ऐकलंत."

तिने सुनेच्या कडेवरचं पोर स्वतःकडे घेतलं. मग म्हणाली, "ताप येनार ता तुला ठाव हाय, तरी टोचते म्हनतेस. बरं. माझ्या नातवाला तुझी सुई. तुझ्या पोटात माझा गोला. हाय कबूल?"

ओट्यावर परत बसून, फडक्यात उरलेला गोळा मी तिच्या डोळ्यांदेखत खाल्ला. गार, रवाळ, किंचित शेळीचा वास. त्यावर करवंद फुटलं आणि आंबटगोड रस त्या खारटपणात मिसळला. करवंदाच्या चिकाने ओठ चिकटले, तरी हात थांबेना.

"बरं आहे," मी म्हणाले.

"नुसतं बरं, तर बोटं कशाला चाटतेस?"

मग तिने स्वतः पोराची मांडी धरली. पोर किंचाळलं, तिने डोळे मिटले.

तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्या रानातली करवंदं अजून पिकतात, पण दूध तसं फाडणारं कोणी उरलं नाही. मला मात्र ती दिसते ती दुसऱ्या दिवशी सकाळची. सून आणि तापलेलं पोर घेऊन, अख्खी वाट तुडवून ती उपकेंद्राच्या पायरीवर आली. आता ही माझी उभी चिरफाड करणार, असं मी धरूनच चालले.

"काल खाल्लंस. परसाकडं लागली का?"

"नाही."

"पोट दुखलं?"

"नाही हो."

"मंग याचा पन उतरंल," म्हणून तिने पोराला माझ्या मांडीवर ठेवलं.

ताप उतरेपर्यंत आम्ही दोघी त्याच पायरीवर बसून राहिलो. मी पोराच्या कपाळाकडे बघत होते आणि ती माझ्या पोटाकडे.