वाघाचा रुपया

आमच्या घरात कधीच चोरी झाली नाही. हे एक वाक्य बोलायचं मी इतकी वर्षं टाळलं, त्याचा राग अजून येतो. आणि राग आला की मी तो दुसऱ्यावर काढतो, म्हणून आधी त्या रुपयावर काढतो.

आईनं लक्ष्मीपूजनासाठी जपलेला रुपया. एका बाजूला इंग्रजांचा राजा, दुसऱ्या बाजूला वाघ. चिंचेनं घासला की असा चकाकायचा की सगळे त्याला चांदीचाच म्हणत. आई गेल्यावर तो थोरल्या वहिनींकडे आला. एका दिवाळीला माझ्या चष्म्याचा बारका स्क्रू पूजेच्या पाटाजवळ पडला. तो शोधायला लोहचुंबक घेऊन वाकलो, तर ताम्हनातला रुपया टुणकन उडून चुंबकाला चिकटला!

चांदी चुंबकाला चिकटत नाही, एवढं विज्ञान मला येत होतं. नेमकं एवढंच येत होतं.

"वहिनी, आईचा खरा रुपया कुठाय?" मी भरल्या घरात ओरडलो.

त्यांच्या हातातलं निरांजन हललंसुद्धा नाही. "भावोजी, सासूबाईंनी दिला त्योच हाय ह्यो. वाघ बघा की."

दादा चिवड्याचा डबा घेऊन माडीवर निघून गेला. (भांडण लागलं की तो नेहमी वर जायचा, पण रिकाम्या हातानं कधी नाही.)

वहिनींनी रुपया माझ्यापुढं ठेवला. "तुमचा संशय फिटला की हाक मारा. तवर पूजेला मी हात लावणार न्हाय."

गुन्हेगार असाच बोलतो, असं मी ठरवलं आणि चुंबक खिशात घालून तपासाला निघालो. कसबा बावड्याला अक्काकडं वाघाचा रुपया होता, तो चिकटला. जयसिंगपूरच्या मामेभावाचाही चिकटला. शहाण्या माणसाला इथं वाघाचा संशय आला असता. मला वाटलं, वहिनींचा हात जयसिंगपूरपर्यंत पोचलाय! अक्का भडकली, "माझ्या देव्हाऱ्याला तुझी वहिनी कशाला हात लावंल रं?" मी म्हणालो, तेच तर शोधतोय.

शेवटी अस्सल पुरावा म्हणून माझा स्वतःचा वाघ बाहेर काढला. आईनं माझ्या लग्नात दिलेला, माझ्या कपाटात, किल्ली माझ्या करदोट्याला. तोही चिकटला.

मग कुठं चौकशी केली. महायुद्धात चांदी आटली, म्हणून हे वाघाचे रुपये टांकसाळीतूनच निकेलचे निघाले होते, आणि निकेल लोखंडासारखंच चुंबकाला चिकटतं. मी राजावर चिडलो, सरकारवर चिडलो, वाघाला तर शिव्या घातल्या.

वहिनींना फक्त हाक मारायची होती. दर दिवाळीला मी वाक्य घोकून स्वयंपाकघरात जायचो. त्या वळून विचारायच्या, "काय पायजे, भावोजी?" आणि माझ्या तोंडातून निघायचं, "चहा." (चहा डॉक्टरांनी बंद केलेला!) त्या मुकाट्यानं करून द्यायच्या.

गेल्या वर्षी वहिनी गेल्या. या दिवाळीला मी तो रुपया घासून त्यांच्या फोटोपुढं ठेवला, हात जोडले, घसा खाकरला. आतून दादाच्या सुनेनं विचारलं, "काय पायजे का, तात्या?"

"चहा," मी म्हणालो.