उत्तममामाची पाठ

"पदर काढ म्हणते ना, आई!"

"उत्तमला जाऊन पंधरा वर्षं झाली. माझी पाठ बघून तो परत येणार आहे?"

"तो नाही येणार. माझ्या पोटातून दुसरा यायचा, म्हणून बघायचंय."

"हॉस्पिटलात जाऊन हेच शिकलीस गो?"

"तू हॉस्पिटलात येत नाहीस, म्हणून घरी करावं लागतंय."

दमयंतीने चिडून ब्लाऊज उतरवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. दार बंद, पंखा बंद, स्टो पेटलेला. लालबागच्या त्या खोलीत श्वासही गरम झाला होता. लतिकाने आईच्या पाठीवर आयोडीन फासलं, सुकू दिलं, वर मक्याचं पीठ भुरभुरवलं. घाम फुटेल तिथे पीठ काळं पडणार होतं.

पाठ सगळी काळी झाली तर आई बिनदोष, दोष मामापुरताच. मध्ये कोरड्या पट्ट्या राहिल्या तर तो आईत आहे, लतिकातही असू शकतो. झालाच मुलगा, तर मामासारखा निघायची भीती.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "गर्भात कातडीचे थर एकमेकांना निरोप धाडतात. इथे केस, इथे दात, इथे घामाची ग्रंथी. त्यातल्या एका निरोपाचा जनुक आत्ता गेल्या वर्षी सापडला. तुमच्या मामांच्या अंगात तोच निरोप पोचला नसावा. बाईच्या अंगात तो पट्ट्यापट्ट्यांनीच चुकतो, पुरुषाच्या अंगात पुरता."

मामाला दोनच दात होते, सुळ्यासारखे. डोक्यावर लव. घाम म्हणून नाहीच. गिरणीत तो खांद्यावर ओलं गोणपाट टाकून काम करायचा, चाळीतली पोरं त्याला 'मसणातला' म्हणायची. संपातल्या एका मोर्चात, भर उन्हात, गोणपाट सुकलं आणि मामा चालता चालता खाली बसला, तो उठलाच नाही. हात लावला तर तवा. अंग कोरडं ठाक.

"काय दिसतंय गो?"

लतिका जवळ वाकली. पाठ काळी पडत होती. आणि काळ्यातून, मणक्यापासून दोन्ही बाजूंना, फिकट पट्ट्या वर येत होत्या, कोणी आतून बोटं ओढावीत तशा.

"पट्टे ना?" दमयंती शांतपणे म्हणाली. "माझा ब्लाऊज लहानपणापासून तसाच भिजतो."

"आई! तुला माहीत होतं?"

दमयंतीने पदर ओढला, आयोडीनची बाटली उचलली.

"आता तू बस. काढ ब्लाऊज."

लतिकाची पाठ घामाने चिकटली होती. सगळी की अर्धी, ते तिला कळेना. ती दाराकडे सरकली, आईकडे तोंड ठेवून, पाठ न वळवता. मागे हात नेऊन तिने कडी काढली.

"लतिका, बस म्हणते ना!"

ती तशीच उलट्या पावलांनी बाहेर पडली.