हळद लागलेला हातोडा

तो हातोडा आणि ती सांडशी आजही डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

माझी नेमणूक तेव्हा लोणावळा पोलीस ठाण्यात होती. एका निवृत्त शिक्षिकेने दोन खोल्यांत मावळातल्या कारागिरांच्या अवजारांचा संग्रह उभा केला होता. कुणाला फिकीर नव्हती! बंगलेवाले असली अवजारं भंगाराच्या भावात उचलून दिवाणखान्यात टांगत होते आणि या बाई दारोदार फिरून ती वाचवत होत्या. एका सकाळी त्या तक्रार अर्ज घेऊन आल्या. लोहाराचा हातोडा आणि सांडशी गायब.

जागेची पाहणी केली. कपाटाची कडी तोडलेली नव्हती. स्क्रू काढून फळीवर नीट ठेवले होते. शेजारचा तांब्याचा हंडा जागच्या जागी.

"साहेब, चोर फारच सभ्य दिसतो," हवालदार म्हणाले.

बंगल्यांना माल पुरवणाऱ्या दलालाला बोलावून कसून चौकशी केली. तो वैतागला. "हंडा सोडून हातोडा नेईन, एवढा येडा वाटलो का?" पटलं.

खबर दिली एका मांडववाल्याने. "टाकव्याला लग्नघरी बघा. पाटावर मांडलाय."

हद्द दुसऱ्या ठाण्याची. तिथे कळवून, ओळख पटवायला बाईंना घेऊन गेलो. पाटावर हातोडा, सांडशी, वर हळदकुंकू. नवरीच्या आजोबांना बाजूला घेतलं.

"आबा, हे तुम्ही आणलंत?"

"व्हय. म्याच दिल्यालं, म्याच आणलं."

"विचारायचं तरी!"

"तितं पाटी हाय, हात लावू नका. आन् हे आमचं देवक हाय, सायेब. त्याच्याबिगर पोरीला हळद कशी लावू?"

नियमाने माल ताब्यात घ्यायचा. पण बसवलेलं देवक लग्न लागेपर्यंत हलवत नाहीत. पिवळ्या हातांची नवरी माझ्याकडेच बघत होती.

बाई पुढे झाल्या. "माझी तक्रार नाही. पण आबा, लग्न लागलं की परत आणा."

"आणतो की! तुमी ठेवलं म्हून घावलं. माज्या भावानं त्याचं भंगारात घातलं. उद्या त्याच्या नातीला बी हेच लागंल."

बाई हसल्या. "मग पाटीच बदलते."

हातोडा परत आला. दांड्यावरची हळद बाईंनी पुसली नाही. संग्रहालय म्हणजे मेलेल्या वस्तूंची अडगळ, असं म्हणणाऱ्याला मी त्या दांड्यासमोर उभा करतो. चोरीचा माल मिळवून दिला म्हणून लोकांनी नोकरीभर माझे आभार मानले. या एका प्रकरणात आभार मी मानतो, त्या बाईंचे.

पुढे आबांच्या भावाच्या नातीचं लग्न ठरलं. हातोडा न्यायला आबांसोबत मीही गेलो. कपाट आधीच उघडून ठेवलेलं होतं.